अंगठीवरचा मध

माझं नाव अनसूया. चौतीस वर्षं मी प्रसूतिगृहात सिस्टर होते आणि त्या चौतीस वर्षांत मी निदान हजारभर आज्यांना रडवलं असेल. हे मी फुशारकीने सांगत असे. आता सांगताना जीभ अडखळते.

आज्या म्हणजे बाळंतिणीच्या आया आणि सासवा. नातवंड झालं रे झालं की पदराच्या गाठीत, पर्सच्या चोरकप्प्यात लपवलेला मध त्या बाहेर काढतात. सोन्याची अंगठी त्यात बुडवायची आणि बाळाच्या ओठांना लावायची. पहिला मध ज्याच्या हातचा, त्याचा स्वभाव बाळाला लागतो, अशी समजूत. त्यामुळे दोन्हीकडच्या आज्यांची शर्यत आणि मध्ये मी. मी बाटल्या हिसकावून घेतल्या आहेत, बेसिनमध्ये ओतल्या आहेत. "पहिला तास बाळ आईच्या उघड्या छातीवर पाहिजे आणि तोंडात आईचंच दूध पाहिजे. मध नको, गुळाचं पाणी नको. शिकून-सवरून असं वागता, लाज वाटत नाही?" हे माझं ठरलेलं भाषण. ते करताना मी हात कमरेवर ठेवत असे.

अभिनव माझा एकुलता एक. त्याची बायको ॲलिसन उत्तनची, कॅथलिक. लग्न दोनदा झालं, एकदा चर्चमध्ये आणि एकदा आमच्या हॉलमध्ये. बाळाचं बारसंही करायचं आणि बाप्तिस्माही करायचा, असं दोघांनी आधीच ठरवून टाकलं होतं. मला विचारलं नाही, सांगितलं. मी "छान" म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जोरातच घासली.

ॲलिसनची आई सेलेस्टिन उत्तनला मासळी विकते. पहिल्याच भेटीत ती मला 'तू' म्हणाली. त्यांच्याकडे सगळ्यांनाच 'तू' म्हणतात हे मला माहीत होतं, तरी लागायचं ते लागलं. ॲलिसन मात्र माझ्यावर पूर्ण विसंबून होती. सातव्या महिन्यात एकदा पाय चेपून घेता घेता म्हणाली, "आई, मम्मी भोळी आहे. शेजारणींनी काही सांगितलं की ऐकते. तुम्ही असाल ना तिथे? बाळाच्या तोंडात काही जाऊ देऊ नका हां."

"माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही," मी म्हणाले.

आणि बाळंतपणाच्या दिवशी पर्समध्ये मधाची बाटली मीच घेऊन गेले होते.

का नेली, हे मी स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. घसा बसतो म्हणून, असं काहीतरी म्हणाले असेन मनाशी. पण घसा बसणाऱ्या बाईला औषधाची इवलीशी रिकामी बाटली शोधून ती दहा मिनिटं उकळावी लागत नाही. मी उकळली होती. पाप करायचं तेही निर्जंतुक करून.

या सगळ्याचं मूळ जुनं आहे. अभिनवच्या वेळी माझं सिझेरियन झालं. मी शुद्धीवर आले तोवर सासूबाईंनी त्याला मध चाटवून, दुपट्यात गुंडाळून सगळ्या नातेवाइकांना दाखवूनही झालं होतं. माझ्या हातात तो आठ तासांनी आला, गाढ झोपलेला. पुढे तो जरा हट्टाला पेटला की सासूबाई कौतुकाने म्हणायच्या, "माझ्या हातचा मध आहे." त्या जाईपर्यंत मी हे ऐकलं. त्याच रागातून मी वॉर्डात एवढी कडक झाले असेन. पण राग बरा गुरू नसतो, तो नेमकं तेच शिकवतो ज्याचा आपल्याला राग आलेला असतो.

तर त्या दिवशी सकाळी आम्ही तिघी पूनम सागर वसाहतीतल्या आमच्या घरापासून दहा मिनिटांवरच्या एका लहानशा मॅटर्निटी होममध्ये होतो. अभिनव रात्रपाळी संपवून भिवंडीच्या गोदामातून निघाला होता. तिथली मुख्य सिस्टर संचिता माझ्याच हाताखाली शिकलेली. विशीत आली होती तेव्हा सुई धरताना तिचा हात थरथरायचा. आता तिने मला बघितलं आणि बाकीच्या मुलींना सांगितलं, "या माझ्या सिस्टर. मला जे येतं ते यांच्यामुळे." मी मान डोलावली. नको नको म्हणण्याइतकी मी कधीच नम्र नव्हते.

सेलेस्टिन पहाटेच उत्तनहून आली होती. तिच्या कापडी पिशवीतून एका बाटलीचं तोंड दिसत होतं. माझी नजर सकाळपासून त्या बाटलीवर. कळा वाढल्या तशी तिने ती बाहेर काढली, हातावर ओतली आणि लेकीच्या पायाला लावायला बसली. खोबरेल तेल होतं. संशयाला जागा उरली नाही, म्हणून मला उलट तिचा जास्तच राग आला.

साडेनऊला नात झाली. संचिताने तिला पुसलं आणि तशीच ॲलिसनच्या छातीवर पालथी ठेवली, वरून कोरडं कापड घातलं. पोरगी रडायची थांबली. ॲलिसन हसत होती आणि रडत होती. दहा मिनिटं अशी गेली. पण वार काही सुटेना आणि रक्त वाढायला लागलं. डॉक्टरांनी ॲलिसनला थिएटरमध्ये घ्यायचं ठरवलं. "घाबरायचं नाही, पाऊण तासात परत आणते," म्हणाल्या.

"स्किन टू स्किन मोडायचं नाही, बाळ कुणाच्या तरी उघड्या छातीवरच हवं," संचिता म्हणाली. "बाळाचे बाबा कुठे आहेत?"

मी अभिनवला फोन लावला. तो काशीमीराला अडकला होता. कुठलासा ट्रेलर आडवा झालेला, पुढे ट्रक, मागे ट्रक. "आई, गाडी सोडून चालत येऊ का?" तो विचारत होता.

"मी घेते काय तिला?" सेलेस्टिनने हात पुढे केले.

"तुम्हाला सर्दी आहे ना," मी म्हणाले. सकाळी ती एकदा शिंकली होती, तीही फिनेलच्या वासाने. तिने हात मागे घेतले. संचिता म्हणाली, "सिस्टर घेतील. सिस्टरांसारखं कोण घेणार?" आणि सेलेस्टिनला तिने चहा पिऊन यायला सांगितलं.

पडद्याआड आरामखुर्चीत बसून मी ब्लाउजची बटणं काढली. एकसष्ट वर्षांची छाती. ओघळलेली कातडी, टाल्कम पावडरचा वास. संचिताने नातीला माझ्या अंगावर ठेवलं, दोघींवर चादर घातली आणि ती थिएटरकडे गेली.

हजारो बायकांना मी हे सांगितलं होतं. बाळाला आईच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात, अंगाची ऊब मिळते, ते स्वतःहून वर सरकत दूध शोधतं. पाठ होतं मला. पण उघडं बाळ माझ्या उघड्या छातीवर कधी कोणी ठेवलंच नव्हतं. तिचे गुडघे माझ्या पोटाला रुतत होते. ती खरंच सरकत होती, इंचाइंचाने, मान टेकवत, उचलत. मला इतका आनंद झाला की त्याची भीती वाटली. आणि मग तिला हवं ते सापडलं. तिने तोंड मोठं उघडलं आणि ओढलं. काही नव्हतंच तिथे. तिने पुन्हा ओढलं आणि ती रडली.

त्या रडण्याने मला काय झालं ते मी आता सांगते, कारण सांगायलाच हवं. मला ठाऊक होतं की बाळाला एवढ्या वेळात काही होत नाही. पोटातून येताना ते शिदोरी घेऊनच येतं. मला फक्त तिला कुशीत धरून ठेवायचं होतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातक ठरू शकतो, हेही मला ठाऊक होतं. मीच तो तक्ता भिंतीवर लावायचे. पण मनात दुसरंच चाललं होतं. ही आता बाप्तिस्म्याला त्यांच्या चर्चमध्ये जाईल. सुट्टीत उत्तनला जाईल, त्यांची बोली बोलेल, मला 'तू' म्हणेल. दूध आईचं, नाव त्या दोघांनी ठरवलेलं. माझं काय?

मी एका हाताने पर्स उघडली. अंगठीचा कडेचा भाग मधात टेकवला आणि तिच्या ओठांना लावला. ती चाटायला लागली. रडणं थांबलं. "माझी आहेस ना?" मी तिच्या कानात म्हणाले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी दुसऱ्यांना फार ऐकवली आहे.

पडदा हलला. मी बाटली पर्समध्ये टाकली. वारा असेल असं समजून घेतलं, पण जरा वेळाने बघितलं तर पडद्यालगतच्या स्टुलावर माझ्यासाठी चहाचा ग्लास ठेवलेला होता, अजून वाफ येत असलेला. चोराच्या मनात चांदणं. मला तो चहा घोटभरही गेला नाही.

ॲलिसनला पावणेअकराला बाहेर आणलं. वार निघाली होती, रक्त थांबलं होतं. चेहरा पांढराफटक, पण पहिला प्रश्न बाळाचा. संचिताने नातीला उचलून पुन्हा तिच्या छातीवर ठेवलं. ती झोपली होती. तळवे चोळले, पाठीवरून बोट फिरवलं, तोंडाशी दुधाचा थेंब लावला. ती तोंडच उघडेना. ॲलिसन तिच्याकडे बघत राहिली, परीक्षेत नापास झाल्यासारखी.

"मला दूध नाहीये का?" तिने विचारलं.

"आहे. चांगलं चिकट पिवळं आलंय," संचिता म्हणाली. "सिस्टर, शोधत होती ना ही मघाशी?"

"हो," मी म्हणाले.

संचिता वाकली. तिने बाळाच्या ओठांच्या कडेला बोट लावलं, ते नाकाशी नेलं. मला ते दिसत होतं आणि मी काहीच बोलले नाही.

"मध आहे," ती म्हणाली. "कुणी चाटवला?"

खोलीत आम्ही चौघीच होतो. संचिताने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती थेट सेलेस्टिनकडे वळली. तिचे दोन्ही हात कमरेवर गेले. "मावशी, सकाळीच सांगितलं होतं ना? मध नको, गुळाचं पाणी नको. एवढं समजावून असं वागता, लाज वाटत नाही?"

माझंच भाषण. शब्दन् शब्द माझा. सेलेस्टिनने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, एखादा श्वास घ्यावा इतकाच. मी खाली बघितलं. माझ्या पायात चपला होत्या, डाव्या चपलेचा अंगठा उसवला होता.

"हां," सेलेस्टिन म्हणाली. "मी दिला."

"मम्मी," ॲलिसनचा आवाज फुटला. "नऊ महिने तुला एकच गोष्ट सांगितली. एकच."

"आता झाला तं झाला, पोरी."

"आई इथे होत्या. त्यांना तरी विचारायचंस. त्यांच्या जिवावर मी इथे पडलेय." ॲलिसन रडायला लागली. रडताना ती माझा हात शोधत होती. तो मी तिला दिला. अंगठी त्याच हातात होती.

शरमेने मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. तरीही मी गप्पच होते. मनात हिशेब चालू होता की सेलेस्टिनला सवय असेल, ती सोसेल, चार दिवसांत विसरतील. असा विचार मी केला. तो लपवून मला काही मिळणार नाही.

संचिताने वही ओढली. "डॉक्टरांना सांगावं लागेल. किती दिला?"

"थोडा."

"थोडा म्हणजे किती? मधच होता ना, की साखरेचं पाणीपण? कशाने दिला?"

सेलेस्टिन गोंधळली. तिने पाहिलं होतं, पण लांबून. "बोटाने," ती म्हणाली.

"हात धुतले होते?"

सेलेस्टिनने आपले हात साडीच्या घोळात लपवले. संचिताने तिच्याकडे बघून ओठ आवळले, ते हात पहाटे कशात होते याचा विचार तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. "मग मी काही सांगू शकत नाही. डॉक्टर बाळाला ऑब्झर्वेशनसाठी बाहेर पाठवतील बहुतेक. इथे काचेची पेटी नाही. भाईंदरला न्यावं लागेल."

"आणि मी?" ॲलिसनने विचारलं.

"तुम्हाला आज हलवता येणार नाही."

ॲलिसनने दोन्ही हातांनी बाळाला घट्ट धरलं. थिएटरमध्ये जाण्याआधी मायलेकींना मिळून दहाच मिनिटं लाभली होती. आता मी गप्प राहिले असते तर उरलेला दिवसही गेला असता, कदाचित दोन-तीन दिवस गेले असते. मला आठ तास माहीत होते.

"दहा वाजून पाच मिनिटांनी," मी म्हणाले. "मध. गव्हाच्या दाण्याएवढा. सोन्याच्या अंगठीने, एकदाच. हात साबणाने धुतलेले होते. बाटली उकळलेली होती."

आवाज माझा नेहमीचाच निघाला, ड्युटी बदलताना रिपोर्ट द्यायचे तसा. संचिताने आधी लिहूनही घेतलं. मग पेन थांबलं.

"सिस्टर, प्लीज. तुम्ही त्यांच्यासाठी स्वतःवर कशाला घेताय?"

"बघ मम्मी," ॲलिसन म्हणाली. "तुला वाचवायला आई खोटं बोलतायत."

एवढी माझी पत होती. खरं बोलले तर तेही माझ्या मोठेपणात जमा झालं. तिथेच थांबले असते तर मी आजही सगळ्यांच्या नजरेत देवमाणूस असते, आणि ती शक्यता मला क्षणभर दिसली हेही खरं आहे. मी पर्स उघडली, बाटली काढली आणि ॲलिसनच्या पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवली. बाटलीच्या तोंडाशी मध ओघळून चिकटला होता.

मला वाटलं संचिता ओरडेल. ओरडायलाच हवं होतं. पण तिने बाटली उचलली, ट्रेमध्ये ठेवली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी डॉक्टरांना फोन करते," आणि बाहेर गेली. हजार आज्यांना मी जे ऐकवलं ते ऐकून घ्यायची लायकीही तिने माझी ठेवली नाही.

ॲलिसन छताकडे बघत होती. "का?" एवढंच तिने विचारलं.

"ती माझी व्हावी म्हणून," मी म्हणाले.

"ती तुमचीच होती, आई." मग ती तिच्या आईकडे वळली, आईचा लपवलेला हात तिने ओढून घेतला. "मम्मीला सॉरी बोला."

मी हात जोडले. "सेलेस्टिनबाई, माझं चुकलं. मी केलं आणि तुमच्या माथी मारलं. तुम्हाला बोलणी खाऊ दिली." सेलेस्टिन भिंतीकडे बघत होती. तिला माझ्याहून जास्त संकोच झाला होता.

"आता तुम्ही बाहेर थांबा," ॲलिसन म्हणाली. "ती पिईपर्यंत आत येऊ नका."

मी बाहेर आले. संचिताने दारातूनच आत डॉक्टरांचा निरोप दिला, तो मला ऐकू आला. बाळाला कुठे न्यायचं नव्हतं, आईच्या अंगावरच ठेवायचं होतं. पण पुढचे काही आठवडे लक्ष ठेवायचं. बाळ सुस्तावलं, रडणं क्षीण झालं, शी झाली नाही, तर ताबडतोब आणायचं. ही यादी मला पाठ आहे. म्हणजे आता ती पोर जरा जास्त झोपली की ॲलिसन तिच्या छातीला कान लावून बघणार, आणि मग माझ्याकडे बघणार. हे मी त्या घरात आणलं होतं.

अभिनवचा फोन आला. ट्रेलर हलला होता. "प्यायली का गं?" त्याने विचारलं. "नाही अजून. माझ्यामुळे," मी म्हणाले. "म्हणजे?" "ये, मग सांगते." त्याला सांगायचे शब्द मी जुळवत बसले आणि एकही वाक्य पुरं होईना.

साडेअकरा झाले, बारा झाले. आतून संचिताचा आवाज येत होता, हळू, न थकता. डोकं धरू नका, मानेला आधार द्या, नाक आधी येऊ दे, घाई नको. मी शिकवलेलं सगळं तिच्या लक्षात होतं. मला आत जाऊन नुसतं बघायचं होतं. इतकं काहीच मला जन्मात हवं झालं नव्हतं.

साडेबाराच्या सुमारास दार उघडून सेलेस्टिन बाहेर आली. डोळे लाल होते. "लागली पोरगी," ती म्हणाली. "पिते. गिळताना आवाज येते तिचा."

मी विचारलं, "तुम्ही पाहिलं होतंत. मग स्वतःवर का घेतलंत?"

"माझ्या पोरीला तुझ्या घरात राह्याचा हाय," ती म्हणाली. "सासू नजरेतून उतरली तं तिलाच जड जाते. मला काय, बाजारात रोज बोलणी खाते मी."

मी तिला बाजारात बसलेली एकदाही बघायला गेले नव्हते. मी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि उठायला लागले. "मला बोलावलंय का तिने?"

सेलेस्टिनने माझ्या दंडाला धरून मला परत खाली बसवलं.

"न्हाय," ती म्हणाली. "अजून न्हाय." आणि माझ्या शेजारी बसली.